पेठेतली पत्रं : गणपत गल्लीतलं दुकान ठेवावं की भाड्याने द्यावं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दुखण्यावरची आहेत: बेळगावच्या जुन्या पेठेत एकामागून एक खाली येणारी शटर. त्यातली चार घेतली आहेत. नवीन वाचकांसाठी सांगते, माझी सगळी नोकरी पेठेतल्याच एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. दुकानदारांची स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचे हिशेब, तपासायची, अधूनमधून दुकानात जाऊन माल डोळ्यांनी बघून यायचं, हे काम. त्यामुळे कुणी सल्ला विचारला की मी आधी वही मागते.

प्रश्न : ताई, गणपत गल्लीत आमचं कापडाचं दुकान आहे, सासऱ्यांनी घातलेलं. जागा स्वतःची. पुढे दुकान, मागे खोली, वर माळा. आधी आम्ही वरच राहायचो, नंतर टिळकवाडीत फ्लॅट घेतला. मिस्टर ६३ वर्षांचे आहेत. मुलगा पुण्याला कंपनीत, तो परत येणार नाही. दोन जुने कामगार आहेत. सगळं जाऊन वर्षाला साडेचार-पाच लाख उरतात. आता एका मोबाइलवाल्याने महिना साठ हजार भाडं देतो असा निरोप पाठवलाय. मिस्टर म्हणतात, "मी हाय तोवर दार उघडंच ऱ्हाणार." मुलगा म्हणतो, "बाबा, कशाला ओढायलासा हे?" मला दोघांचंही पटतं. आजूबाजूची दुकानं बंद व्हायला लागलीत, ते बघून रात्री झोप लागत नाही. काय करावं?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : वहिनी, आधी आकडा बघू. साठ हजारांप्रमाणे वर्षाचे सात लाख वीस हजार होतात. मिळालेल्या भाड्यातून महापालिकेचा घरपट्टी कर वजा करून उरलेल्या रकमेवर आयकरात ३० टक्के सरसकट वजावटही मिळते. म्हणजे कागदावर भाडं जिंकतं, आणि चांगलंच जिंकतं. हे मिस्टरांना स्पष्ट सांगा. तुमच्या दुकानाला भाडं भरावं लागत नाही म्हणून ते नफ्यात दिसतं. जागेचं भाडं खर्चात धरलं तर दुकान आज तोट्यात आहे.

आता दुकान असं का झालं ते बघू, कारण त्यावरच पुढचं ठरणार आहे. सगळे ऑनलाइनकडे बोट दाखवतात. ते आहेच. खरं माझ्या टेबलावरून गेलेल्या कागदांवर घसरण त्याच्या आधीपासून दिसत होती. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या तो लग्नसराईच्या तोंडावरचा काळ होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी कापडावर व्हॅट नव्हता, म्हणून गादीवर बसून वही लिहिणाऱ्या कित्येक कापड व्यापाऱ्यांना विक्रीकराचा कागद आयुष्यात पहिल्यांदा भरावा लागला. मार्च २०२० चं लॉकडाऊन तर नेमकं चैत्र-वैशाखाच्या लग्नांवर आलं. बस्त्यासाठी भरलेला माल तसाच बसला. कापडात माल बसला की रंग जुना होतो, काठाची फॅशन जाते, घडीवर पिवळी रेघ उठते, आणि बँकेच्या तपासणीत त्याची किंमत आम्हाला कमी धरावी लागते. मग सीसी खात्यावर, म्हणजे मालाच्या तारणावर दिलेल्या कॅश क्रेडिट कर्जातून, उचलता येणारी रक्कम कमी होते, नवीन माल कमी भरला जातो, आणि गिऱ्हाईक "व्हरायटी नाही" म्हणून पुढे जातं.

याहून मोठं एक कारण आहे. पेठेत एका वस्तूसाठी कुणी येत नसे. कडोलीची किंवा येळ्ळूरची बाई शनिवारच्या बाजाराला आली की एका फेरीत पाच कामं करायची. कासाराकडे बांगड्या, तुमच्याकडे ब्लाउजपीस, कोपऱ्यावर फॉल-पिको, भांड्याच्या दुकानात कल्हईला टाकलेलं पातेलं, जाताना पोरांना पाव किलो कुंदा. यातलं एक शटर खाली आलं की त्या फेरीतलं एक काम गळतं. दोन गळली की ती बाई म्हणते, एवढ्यासाठी कशाला बेळगाव, गावातच बघू. तुमची विक्री कमी झाली त्यात तुमच्या शेजाऱ्यांच्या बंद दारांचा वाटा आहे. आणि तुमचं दार बंद झालं तर शेजाऱ्याच्या विक्रीत तुमचा असेल. हे मी घाबरवायला सांगत नाही. भाडेकरू निवडताना याचा उपयोग आहे, तो पुढे सांगते.

तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की आधी आम्ही वरच राहायचो. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ. तपासणीला मी अशा दुकानांत गेले की मागच्या खोलीत पाण्याची घागर आणि लोट्या असायच्या. बस्त्याला आलेल्या घरातल्या बायका सकाळी आठला घरातून निघालेल्या असायच्या. त्यांना दुकानातली सासू किंवा सून आत नेई, हात-पाय धुवायला मोरी दाखवी, तान्ह्या पोराला झोपवायला सतरंजी घाली. बायका तीन-तीन तास बसून पंचवीस साड्या निवडायच्या, कारण बसता येत होतं. पेठेतली घरं हळूहळू टिळकवाडी, हिंदवाडी, सदाशिवनगरला गेली आणि माळ्यांचं गोदाम झालं. आज गावाकडून आलेल्या बाईला जुन्या पेठेत स्वच्छ स्वच्छतागृह शोधावं लागतं. मॉलमध्ये ते असतं. बायका मॉलला का जातात याचं हे कारण पुरुष दुकानदारांच्या बैठकीत कुणी काढत नाही, म्हणून मी इथे लिहिते.

तेव्हा माझा सल्ला असा. मोबाइलवाल्याला लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. दिवाळीच्या पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत एक हंगाम दुकान वेगळ्या तऱ्हेने चालवून बघा. शर्टिंग-सुटिंग आणि ड्रेस मटेरियल काढून टाका, त्यात तुम्ही मोठ्या शोरूमवाल्यांपुढे टिकणार नाही. जे त्यांच्याकडे धड मिळत नाही तेवढंच ठेवा: नऊवारी, इरकल, खण, मानपानाच्या साड्या, धोतर, उपरणं, टोपी, पटका, टॉवेल, आणि कोरं पांढरं कापड. हे शेवटचं लिहिताना हात अडखळतो, खरं पेठेतल्या दुकानाची ती फार जुनी सेवा आहे. कुणाच्या घरी रात्री-अपरात्री प्रसंग आला तर माणसं शोरूमचं दार वाजवत नाहीत, ओळखीच्या दुकानदाराचंच वाजवतात.

मागची खोली रिकामी करून तिथे फॉल-पिको आणि ब्लाउज शिलाईला एखाद्या बाईला बसवा. मोरी-संडास दुरुस्त करून घ्या आणि बाहेर स्वच्छ अक्षरात पाटी लावा की बायकांची सोय आहे. वरचा माळा भाड्याने द्या: ट्यूशन क्लास, शिवणक्लास, वकिलाचं ऑफिस, काहीही. त्याचे पाच-सात हजार आले तरी एका कामगाराच्या पगाराला हातभार लागेल.

हंगाम संपला की तीन रकाने मांडा: रोख विक्री, राहिलेली उधारी, आणि दोन वर्षांहून जुना माल. पहिला वाढला आणि तिसरा निम्म्यावर आला तर मिस्टरांना अजून चार-पाच वर्षं बसू द्या, त्यांची तब्येतही त्या गादीवरच चांगली राहील. तसं झालं नाही तर बंद करा, आणि ते रडत न करता नीट करा. जुना माल मिळेल त्या भावाला काढा. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरण भरावं लागतं, आणि शिल्लक मालाच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं पूर्वी घेतलेलं क्रेडिट, म्हणजे वजावट, परत करावं लागतं. म्हणून माल आधी संपवायचा, नोंदणी नंतर रद्द करायची. महापालिकेचा व्यापार परवाना आणि दुकानाची आस्थापना नोंदणीही रद्द करून घ्या, नाहीतर नोटिसा पुण्याला मुलाच्या मागे लागतील.

दोन कामगारांच्या दुकानाला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू नाही, तो दहा माणसांपासून लागतो. तरी नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार या हिशेबाने त्यांना रक्कम द्या. ती माणसं तुमच्या घरच्या लग्नांत राबली असतील.

आणि भाडेकरू निवडताना पाच हजार कमी आले तरी चालतील, खरं दिवसभर दार उघडं ठेवणारा आणि माणूस आत येईल असा धंदा बघा. गोदामाला देऊ नका. नुसतं मशीन ठेवून शटर अर्धं ओढणाऱ्यालाही देऊ नका. त्या मोबाइलवाल्याला विचारा, माणूस बसवणार की फक्त बोर्ड लावणार? बसवणार असेल तर तोही पेठेचा माणूस होईल. करार लिहूनच करा, आणि मागच्या खोलीची व माळ्याची चावी स्वतःकडे ठेवा.

प्रश्न : मी बारावीला आहे. किर्लोस्कर रोडवरून रोज कॉलेजला जातो, खरं तिथे किर्लोस्करांचं काहीच दिसत नाही. मग नाव कसं पडलं? नाटकवाले किर्लोस्कर तेच का?
— एक विद्यार्थी, अनगोळ

उत्तर : बाळ, दोघे वेगळे. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ चे. रोडचं नाव उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांमुळे आहे, ते १८६९ चे. दोघेही आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. लक्ष्मणराव आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर त्यांनी इथेच बनवला. नंतर उपनगर वसवण्यासाठी त्यांच्या कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाली आणि त्यांना हलावं लागलं. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याकडे रस्त्याला नाव उरलं. शहराच्या कामासाठी धंद्याची जागा घेताना त्या धंद्याला जवळच दुसरी जागा द्यायची असते, हा धडा तेव्हापासून समोर आहे. आजही रुंदीकरणाची खूण भिंतीवर पडली की दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि त्याचं उत्तर त्याला वेळेवर मिळायला हवं.

प्रश्न : आमचे आजोबा थिएटरांची नावं घ्यायला लागले की थांबत नाहीत: रिट्झ, रेक्स, ग्लोब, चित्रा, प्रकाश, निर्मल... त्यांच्या मते मोबाइलने सगळं खाल्लं. खरंच तेवढंच कारण आहे का? आणि एका पडद्याची जुनी थिएटरं वाचवता येतील का?
— एक वाचक, वडगाव

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांगा. नऊ ते बाराचा शो सुटल्यावर रस्त्यावर जी गर्दी यायची ती त्यांनी पाहिलीय, म्हणून त्यांना दुःख होतं. त्या गर्दीवर भेळवाला, पानवाला, सायकल स्टँडचा मुलगा आणि शेवटच्या चहाचं हॉटेल जगत होतं. एका पडद्यामागे अशी दहा-बारा घरं असायची.

मोबाइलच्या कितीतरी आधी व्हिडिओ आला, मग केबल आली. त्यातूनही थिएटरं तरली. नंतर रिळांचे प्रिंट बंद होऊन डिजिटल प्रोजेक्शन आलं, मालकाला नवीन यंत्रणा बसवावी लागली. त्याच सुमारास एकेक चित्रपट शेकडो पडद्यांवर एकदम लागू लागला, आणि जो चित्रपट पूर्वी आठवड्यांमागून आठवडे चालायचा त्याची कमाई पहिल्या शनिवार-रविवारी उरकू लागली. पाच-सातशे खुर्च्यांचं थिएटर सोमवारी सकाळी तीस प्रेक्षकांसाठी चालवायचं, वीजबिल मात्र सगळ्या हॉलचं. मल्टिप्लेक्सवाला त्याच चित्रपटाला छोट्या पडद्यावर ढकलतो, एकपडदावाल्याला ते जमत नाही. आपल्याकडे आणखी एक भर होती. जीएसटीच्या आधी कर्नाटकात करमणूक करातून कन्नड चित्रपटांना सूट मिळायची, मराठीला नाही. मराठी चित्रपट लावणाऱ्या बेळगावच्या मालकाला त्यामुळे कोल्हापूरच्या मालकासारखा हिशेब बसवता येत नव्हता. जीएसटीत १ जानेवारी २०१९ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर १८ वरून १२ टक्क्यांवर आला, तोवर बऱ्याच ठिकाणी उशीर झाला होता.

आणि जागा. गावाच्या मध्यावर एवढा मोठा चौक असलेली मिळकत, मालकी तीन-चार भावांत वाटलेली, आणि त्यातला एकही भाऊ तिकीटबारीवर बसायला तयार नाही. माझ्या मते बहुतेक थिएटरांचा शेवट वाटणीच्या कागदावर झालाय.

वाचवता येतात का? एक उदाहरण तुमच्या डोळ्यासमोर आहे. कोनवाळ गल्लीतलं रिट्झ आज लोकमान्य रंगमंदिर म्हणून उभं आहे. तिथे नाटक लागतं, गाण्याची बैठक होते, शाळांची स्नेहसंमेलनं होतात. २०१५ मध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन आपल्या गावात झालं, तेव्हा बाहेरून आलेले नाटकवाले इथल्या प्रेक्षकाचं कौतुक करत होते. तो प्रेक्षक कुठे गेलेला नाही. थिएटर थिएटर म्हणून टिकेल असं मी म्हणणार नाही, खरं संध्याकाळी सहा ते दहा माणसं गोळा होतील असं काहीतरी त्या जागेत राहिलं तर आजूबाजूचे दिवे चालू राहतात. तुमच्या भागातलं एखादं थिएटर विकायला निघालं असेल तर महिला मंडळं, नाट्यसंस्था, क्लासवाले, लग्नकार्यं करणारे यांना एकत्र बोलवा, आणि वर्षात किती दिवस हॉल भाड्याने घेऊ हे प्रत्येकाकडून लेखी घ्या. असा कागद घेऊन गेलात तर बँक तुमच्याशी बोलते. नुसत्या आठवणी घेऊन गेलात तर चहा पाजून परत पाठवते. मी त्या खुर्चीवर बसलेली आहे.

प्रश्न : आम्ही चंदगड तालुक्यातले. आजवर घरातली सगळी लग्नं बेळगावच्या बस्त्यावर झाली. आता पोरं म्हणतात गडहिंग्लजला नाहीतर कोल्हापूरला जाऊया, बेळगावात गाडी लावायला जागा नाही, आणि सीमेवर काही झालं की एसटी बंद. बेळगावच्या व्यापाऱ्यांना आमची किंमत हाय का नाही?
— एक शेतकरी, चंदगड तालुका

उत्तर : दादा, किंमत आहे, आणि ती मी आकड्यांत बघितलेली आहे. लग्नसराईत सीमेवरच्या शिनोळीच्या बाजूने येणारं गिऱ्हाईक थांबलं की पेठेतल्या कापड, सराफ आणि भांड्यांच्या खात्यांवरचा भरणा त्याच आठवड्यात खाली यायचा. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली तेव्हा बस थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून पुन्हा थांबल्या. भांडण दोन सरकारांचं, आणि माल अंगावर बसतो तो इथल्या मराठी आणि कन्नड दोन्ही दुकानदारांच्या. मला या गोष्टीचा फार त्रास होतो. चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळचं, बेळगावच्या पेठेला चंदगड घरचं, आणि मध्ये बस अडते.

कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. तेव्हापासून खानापूर, बैलहोंगलकडच्या बायका छोट्या खरेदीलाही पेठेत यायला लागल्या, हे शनिवारी उभं राहिलं तर दिसतं. तुमच्याकडच्या बायकांना ती सवलत नाही. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी हे ओळखून बस्त्याच्या गिऱ्हाइकाला येण्या-जाण्याच्या गाडीचं भाडं बिलातून वजा करून द्यावं, असं मी इथून जाहीर सांगते. लग्नाच्या खरेदीत तेवढी रक्कम सहज बसते, आणि कोल्हापूरला जाणारी पोरं परत येतात.

तुम्ही एवढं करा. शनिवार टाळा, सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी दहाच्या आत या. गाडी पेठेत घालू नका, बाहेर लावून चालत या, म्हातारी माणसं बरोबर असली तर त्यांना आधी दुकानाच्या दारात उतरवा. तारीख ठरली की दुकानदाराला फोन करून किती साड्या, कोणत्या भावाच्या, किती टोप्या-टॉवेल ते सांगून ठेवा, म्हणजे माल काढून ठेवता येतो आणि तुमचा दिवस वाचतो. मध्येच बस बंद झाली आणि आगाऊ पैसे पाठवून माल मागवायची वेळ आली, तर पावतीवर साडीचा रंग, काठ, नग, भाव आणि न आवडल्यास बदलून द्यायची मुदत लिहून घ्या, आणि त्या पावतीचा फोटो पोराच्या मोबाइलमध्ये ठेवा.